पांढऱ्या भाताच्या घरातलं उखळ

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी उखळ आहे. पोट खोल, बूड जड आणि काठ एका बाजूने घोड्याने कुरतडलेला. घोड्याचा आणि माझा काय संबंध, ते पुढे कळेलच. जन्मभर मुसळाचा मार खाल्ला, त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. मार मिळायचा थांबला, ते दिवस मात्र अजून विसरता येत नाहीत.

माझा जन्म मनिलाजवळच्या बुलाकान गावाकडच्या भातखाचरांजवळचा. सिद्रा नावाच्या मुलीच्या बापाने एका मोलावे झाडाचा ओंडका आणला, वाकसाने तासला, मध्ये निखारे ठेवून पोट जाळलं आणि शिंपल्याने खरवडून गुळगुळीत केलं. संध्याकाळी सिद्रा आणि तिच्या मैत्रिणी भात कांडायला जमत. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. ताल चुकला की बोटं चेचली जायची आणि वर चेष्टा व्हायची, "कुणाच्या विचारात गं एवढी?" तांदूळ निघायचा तो तांबूस, हातसडीचा. त्याचा वास सगळ्या अंगणात भरायचा.

सिद्राचं लग्न मनिलातल्या गोर्योशी झालं, तेव्हा बापाने मला होडीत घातलं. तीही सासरी चालली आणि मीही.

तोंदो वस्तीतलं ते घर बांबूचं, खांबांवर उभं. वर माणसं राहत, खाली गोर्योची घोडागाडी आणि त्याचा घोडा, बितुइन. घरात सत्ता तेक्लाची, म्हणजे गोर्योच्या आईची. सगळे तिला इनांग म्हणत. तोंडात पेटता चिरूट आणि जिभेवर निखारे, पण मनाने मायाळू बाई. शेजारणी मला बघून हसल्या, "अगं, शहरात उखळ आणलंस? मग मागून म्हैसही येतेय का?"

सुरुवातीला सिद्रा माझ्यातच कांडायची. मग स्पॅनिश साहेब गेले, अमेरिकन साहेब आले आणि त्यांना पायी चालायचा भारी कंटाळा. गोर्योची गाडी दिवसभर पळू लागली. अशा वेळी लोक म्हणतात, त्याचं उखळ पांढरं झालं. ते झालं खरं, पण घरातलं खरंखुरं उखळ त्याच दिवशी अडगळीत गेलं.

कारण आता गिरणीचा तांदूळ आला. सायगॉनहून बोटीने यायचा, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा. इनांगने पहिलं पोतं उघडलं तेव्हा छातीवर क्रूसाची खूण करून देवाचे आभार मानले. "माझी सून आता तांबडा भात नाही खायची," ती म्हणाली. "आपण काय डोंगरातले आहोत?"

मला जिन्याखाली ढकललं. गिरणीत तांदूळ घासून जो कोंडा उरतो, तो मातीच्या मोलाने मिळायचा. गोर्यो तो आणून माझ्यात ओतायचा आणि बितुइन खायचा. माणसांचं उखळ मी, घोड्याच्या चंदीची कुंडी झालो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बितुइनच्या अंगावर काय तकाकी आली होती! अंगावरून माशीही घसरावी.

पहिली मुलगी झाली, नेनेंग. इनांगने सुनेचं बाळंतपण हौसेने केलं. तांदूळ निवडायची, सात पाण्यांनी धुवायची, पाणी नितळ आल्याशिवाय चुलीवर ठेवायची नाही. ओल्या बाळंतिणीला भाजी बाधते, म्हणून नुसता पांढरा भात आणि सुक्या मासळीचा तुकडा. स्वतः मात्र कोंबड्यांसाठी आणलेल्या तांबड्या कण्या शिजवून खायची. "मला म्हातारीला काय करायचाय पांढरा भात? हिच्या अंगावर पोर पितंय."

नेनेंग गुटगुटीत होती. मग तिसऱ्या महिन्यात तिचा आवाज गेला. तोंड उघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण रडणं ऐकू येत नसे. ओठ निळे पडले. एका सकाळी ती गेली.

तिच्यामागून डोमिंग आला आणि तोही तसाच गेला. लोक त्या दुखण्याला ताओन म्हणत आणि उसासा टाकत. सरकारदरबारी नेनेंगच्या नावापुढे 'आकडी' लागलं, डोमिंगच्या नावापुढे 'मेंदूचा ताप'. नावं दोन, मरण एकच. त्या काळी आमच्या शहरात लेकरं जन्माला यायची त्यातली जवळजवळ निम्मी वर्षाची होण्याआधी जायची. साहेबांनी पटकीसाठी पाणी उकळायला लावलं, देवीसाठी दंड टोचले, प्लेगसाठी उंदीर मारले. लेकरांची मरणं मात्र नुसती मोजली जात होती.

आमच्याकडे तान्हं मूल गेलं की ते देवदूत झालं म्हणतात. पांढरी पेटी, कागदाचे पंख आणि पुढे बॅंड, तोही नाचाची गाणी वाजवणारा. आईने रडायचं नाही. इनांगने दोन्ही वेळा सिद्राचा दंड धरून बजावलं, "डोळे कोरडे ठेव. आईचं पाणी पडलं की पोराचे पंख भिजतात. मग त्याला उडता येत नाही." सिद्रा रडली नाही. घोड्याला कोंडा घालायला खाली आली, की माझा काठ घट्ट धरून नुसती उभी राहायची. मला तिची बोटं कळायची. लाकडाला दुसरं काय करता येतं?

तिसरा सियो. अडीच महिन्यांचा झाला आणि एका दुपारी सिद्राला त्याचं रडणं दिसलं, पण ऐकू आलं नाही. इनांगने लगेच मेणबत्ती लावली आणि गोर्यो तोंड फिरवून घोड्याला खरारा करत बसला. बॅंडवाल्याचं घर त्याच गल्लीत होतं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा एक तरुण डॉक्टर आला, मारासिगान नावाचा. आमच्या गल्लीत फार पेट्या निघतात, म्हणून तो घरोघर फिरत होता. त्याने बाळाची छाती ऐकली आणि मग विचारलं, "आई काय खाते?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

इनांगला राग आला. "आमच्याकडे काय कमी आहे? पांढराशुभ्र भात खाते ती! खात्यापित्या माणसांच्या घरी आलायत तुम्ही."

"तेच तर," डॉक्टर हळूच म्हणाला. जिना उतरताना त्याला मी दिसलो. त्याने वाकून माझ्यातला मूठभर कोंडा उचलला. "हे काय?"

"घोड्याची चंदी," गोर्यो म्हणाला.

"घोडा आजारी पडतो कधी?"

"त्याला काय धाड भरलीय!"

डॉक्टरने पिशवीतून दाट, तपकिरी औषधाची बाटली काढली. "हा कोंड्याचाच अर्क आहे. थेंब थेंब बाळाला द्या. आणि आईला हातसडीचा भात, शेवग्याचा पाला, मूग घाला. तांदळाची वरची साल गेली की त्यातलं सत्त्व जातं आणि आईचं दूधही रितं होतं. आम्हालाही हे आत्ता कुठे कळतंय. कालपर्यंत मीही 'आकडी' लिहून मोकळा होत होतो."

घोडं कुठे पेंड खातं, ते शेवटी कळलं होतं. पण इनांगला ते कसं पटावं? तिने बाटली ढकलली. "घोड्याचं खाणं माझ्या नातवाच्या तोंडात? बाप्तिस्मा झालाय त्याचा! लोक शेण घालतील तोंडात."

सिद्रा सासूला कधी उलटून बोललेली नव्हती. त्या दिवशी तिने बाटली उचलून छातीशी धरली. "इनांग, दोघांना तुम्ही सांगाल तसं वाढवलं. ह्याला मी घोडा म्हणून वाढवीन. माझं एक शिंगरू तरी जगू दे."

गोर्योने उठून मुलाचं डोकं हातात धरलं आणि सिद्राने पहिला थेंब टाकला.

रात्र गेली, दिवस गेला. खाली मी आणि बितुइन कान लावून बसलो होतो. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वरून एक किंकाळी आली, अशी खणखणीत की घोडा दचकला. सियो रडत होता! भुकेने, रागाने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. शेजारणी धावत आल्या. मूल रडतंय म्हणून हसणारी एवढी माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

थोड्या वेळाने इनांग एकटी खाली आली. तिने मला आडवं केलं, नारळाच्या शेंडीने घासलं, पाण्याने धुतलं आणि उन्हात उभं केलं. मग टोपलीभर भात ओतून मुसळ उचललं. इतक्या वर्षांनी पहिला घाव बसला. मित्रांनो, मार इतका गोड लागतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

तिचा ताल मात्र चुकत होता. सिद्रा बाळाला घेऊन जिन्यात आली. इनांग तिच्याकडे न बघता म्हणाली, "निवडून निवडून घातलं गं तुला. सात पाण्यांनी धुऊन. कोंबड्यांचं मी खाल्लं आणि धडधाकट राहिले." मुसळ थांबलं. सिद्राने बाळ गोर्योकडे दिलं, दुसरं मुसळ घेतलं आणि समोर उभी राहिली.

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, इनांग?"

म्हातारीने सुनेच्या गालावर हात ठेवला. "आता रड," ती म्हणाली. "खुशाल रड. ती दोघं कधीच पोचली असतील. आता नाही भिजायचे त्यांचे पंख."

आणि त्या दोघी रडल्या, नेनेंगसाठी आणि डोमिंगसाठी, कांडता कांडता. त्या दिवशीच्या तांदळात मीठ घालावं लागलं नसेल.

मित्रांनो, सियो मोठा झाला, म्हातारा झाला. आता त्याची नातवंडं माझ्यावर बसून खेळतात आणि माझ्यात पावसाचं पाणी साचतं. मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. एखादं मूल आजारी पडलं, तर त्याच्या आईच्या ताटात काय आहे, हे आधी विचारा. आणि ताट वाढणाऱ्या हाताला बोल लावू नका. त्या हाताने मायेनेच वाढलेलं असतं.