मला बिघडवणारा कागद

मित्रांनो, मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे आणि मी बिघडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन वर्षं माझ्या पडद्यावर एक कागद चिकटवलेला होता. ‘मशीन नादुरुस्त’, खाली सही आणि गोल शिक्का. आमच्या सर्बियात शिक्क्याच्या कागदापुढे माणसाचंच काही चालत नाही, तिथे माझं काय चालणार?

माझ्या जन्माचं कौतुक सांगत बसत नाही. या गावातल्या लोकांच्या पगारातून दर महिन्याला आरोग्यासाठी जे कापलं जातं, त्यातून सरकारने मला या दवाखान्यासाठी घेतलं. मी आले त्या दिवशी मंत्री आले, त्यांनी फीत कापली आणि त्यांच्या माणसाने रकिया, म्हणजे आमची फळांची दारू, पिऊन रिकामा पेला माझ्याच डोक्यावर ठेवला. त्याचा डाग अजून आहे. मंत्र्यांनी माझ्यासाठी केलेली तेवढीच एक गोष्ट टिकली.

पहिली काही वर्षं चांगली गेली, हे कबूल करायला हवं. मी पोटातली बाळं दाखवली, मूतखडे दाखवले. बाळाचं हृदय धडधडताना बघून बायका रडायच्या आणि मग माझ्याकडे बघून लाजायच्या. तेव्हा मला माणसांबद्दल आदर होता.

मग डॉक्टर वुकोमान विभागप्रमुख झाले. त्यांनी रस्त्यापलीकडे स्वतःचा खासगी दवाखाना काढला आणि तिथे माझी धाकटी बहीण आणून बसवली. तिला गिऱ्हाईक कमी पडू लागलं तेव्हा त्यांनी इकडे माझ्यावर कागद चिकटवला. कुंपणच शेत खायला लागलं, दुसरं काय! दुपारी तीनपर्यंत डॉक्टर सरकारचे. इथे ते मान हलवून सांगायचे, “मशीन बंद आहे हो. मोठ्या शहरात नंबर लावा, चार महिन्यांनी लागेल. नाहीतर संध्याकाळी पलीकडे या.” तीननंतर ते पलीकडे जायचे आणि तिथे त्यांचं हसू परत यायचं.

माझ्या दाराबाहेरच्या बाकावर रोज वाद चालायचा. एक म्हणायचा, “सरकारला जमत नाही तर विकून टाका की हे दवाखाने! खासगीत बघा कसं चकाचक असतं.”

दुसरा म्हणायचा, “चकाचक असणारच. खोकलास तरी बिल लावतील तुला तिथे. सरकारी आहे म्हणून जिवंत आहेस.”

“जिवंत? सहाव्यांदा येतोय मी इथे!”

“मग बघ, सहा वेळा यायला जिवंत आहेस ना!”

आणि डॉक्टर बाहेर आले की दोघेही उठून उभे राहायचे, एकाच वेळी. “नमस्कार साहेब!” सरकारने दवाखाना चालवावा की नाही, यावर ते दोन वर्षं भांडले. मला कोणीच का चालवत नाही, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी या लोकांची कीव करायचे. नंतर कीवही सुटली आणि नुसती चीड उरली.

अशात एका सोमवारी विदा आल्या. साठीच्या बाई, उजव्या बरगडीखाली हात दाबून धरलेला, डोळे पिवळे, अंगात ताप. सोबत नवरा तिहोमिर. या माणसाने चाळीस वर्षं गावातले रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. डॉक्टरांनी त्यांना नेहमीचं गाणं ऐकवलं. पलीकडचा दर त्यांच्या पेन्शनला परवडणारा नव्हता आणि चार महिने विदांकडे नव्हते, हे त्यांच्या डोळ्यांकडे बघून मलाही कळत होतं. पण तिहोमिरनी त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द ऐकला.

“बिघडलीय?” ते म्हणाले. “अहो, मग एवढंच ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्नीला बाकावर बसवून हत्यारांची पेटी घेऊन थेट माझ्या दाराशी आले. “मला फक्त विचारायचंय,” असं म्हणून ते पुढे घुसले तशी रांग खवळली, कारण आमच्याकडे रांग मोडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

“ओ मिस्त्री, आम्ही काय इथे हवा खायला बसलोय?” एक बाई ओरडली. “पेटी घेऊन काय विचारणार आहेस, पेटी घेऊन?”

तिहोमिर आत आले आणि त्यांनी माझी पाठ उघडली. किती हलक्या हाताने! धूळ फुंकली, एकेक तार तपासली, आणि त्यांचा चेहरा पडत गेला, कारण त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना. शेवटी ते गुडघ्यांवर बसले. माझी वायर गुंडाळून बँडेजच्या पट्टीने नीट बांधून ठेवलेली होती. त्यांनी पट्टी सोडली, प्लग भिंतीत घातला आणि मी उजळले.

आधी ते लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं, कागदावरच्या सहीकडे पाहिलं आणि ते तसेच जमिनीवर बसून राहिले. एवढा साधा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. त्याला कळायला एवढा वेळ लागला, याचं मला वाईट वाटलं.

मग ते दारात गेले. “मंडळी, मशीन दुरुस्त झाली! काही सामान लागलं नाही. प्लग लावला फक्त!”

सगळी रांग माझ्या दाराशी गोळा झाली. डॉक्टर वुकोमान धावत आले. “कोणाच्या परवानगीने? ही सरकारी मालमत्ता आहे! समितीची तपासणी झाल्याशिवाय हिला हात लावता येणार नाही. मी पोलिसांत तक्रार करीन!” चोराच्या उलट्या बोंबा! आणि खरी गंमत ऐका, तशी समिती खरोखरच होती आणि दोन वर्षांत ती एकदाही इकडे फिरकली नव्हती. खासगीचा लोभ आणि सरकारचा आळस, दोघे एकाच खुर्चीत बसले होते.

तेवढ्यात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर यास्ना पुढे आल्या. त्यांनी माझ्या पडद्यावरचा कागद ओढून काढला. “काकू, या, आडव्या व्हा. तक्रारीत माझंही नाव घाला, सर.”

मी दोन वर्षांनी काम करत होते. सगळं लख्ख दाखवलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि मागे नळी फुगली होती. दुपारी विदांचं ऑपरेशन झालं, याच सरकारी दवाखान्यात. आणखी दोन दिवस गेले असते तर त्या वाचल्या नसत्या, असं यास्ना म्हणाल्या.

आता मी रोज चालते. मशीन आपण पाठपुरावा करून दुरुस्त करून घेतली, असं डॉक्टर वुकोमाननी वर कळवलं आणि त्यांना शाबासकीचं पत्र आलं.

तीन आठवड्यांनी विदा तिहोमिरसोबत चालत आल्या. डॉक्टरांनी नवऱ्यावर खरोखरच केलेली पोलीस तक्रार अजून मागे घेतलेली नव्हती. त्यांनी भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची, आयवारची बरणी डॉक्टरांसमोर ठेवली. “साहेब, तुमच्यामुळे वाचले.”

“अहो, कर्तव्यच आहे ते,” डॉक्टर म्हणाले आणि झाकण पिळू लागले. झाकण फिरेना. “मिस्त्री, जरा बघता का?”

तिहोमिरनी बरणी घेतली आणि एका झटक्यात उघडून दिली. “बिघडलेली नव्हती साहेब,” ते म्हणाले. “नुसती बंद होती.”

डॉक्टर मोठ्याने हसले आणि त्यांनी त्यात बोट बुडवलं. विदाही हसल्या, थोड्या घाबरून.

मित्रांनो, मला पुसा, झाका, जपा, असं मी सांगणार नाही. मी लोखंडाची आहे, मला काय होणार? विदाबाईंना सांभाळा. जे तुमच्याच घामातून तुमच्यासाठी आणलंय, ते मिळालं म्हणून कुणापुढे बरणी ठेवू नका. ताठ उभे राहून मागा आणि नाही म्हणाले तर दार ढकलून आत या. विदाबाई त्या दिवशी परत जाताना डॉक्टरांना वाकून नमस्कार करत होत्या, आणि ऑपरेशनची जखम अजून ओली होती.