चौथ्या बासरीची जागा

मित्रांनो, बाली बेटावर पुग्रा आजोबांच्या घरी राहणारी, दोन हात लांबीची जुनी बांबूची बासरी ती मीच. वय झालंय माझं, पण वैताग अजून ताजा आहे.

आजोबांनी मला चुलीच्या धुरावर वाळवलं, तापल्या सळईनं सहा भोकं पाडली आणि तोंडाशी वेताची कडी बसवली. कडीखालच्या बारीक फटीतून फुंकर शिरली की मी बोलते. गालांत हवा साठवून आजोबा नाकानं श्वास घ्यायचे, म्हणून माझा सूर कधी तुटायचा नाही. देवळाच्या उत्सवातल्या नाचाला आम्ही चार बासऱ्या. लोक म्हणत, "या पुग्राला श्वास लागतच नाही की काय!"

मग आजोबांचे दात पडले आणि माझी रवानगी देव्हाऱ्यात झाली. सून सुदार्नी मोठी भाविक. आमच्या पंचांगात वाद्यांच्या पूजेचा दिवस येतो दर दोनशे दहा दिवसांनी, पण ही रोज फुलं वाहायची, तीर्थ शिंपडायची. फुंकर मात्र एकही नाही! तीर्थानं कडी फुगायची, वाळली की आकसायची. शेवटी सैल होऊन लोंबायला लागली. किती चडफडले मी! पण फुंकरीवाचून बोलणार कशी?

उत्सव पंधरा दिवसांवर आला. चौथा वादक नव्हता, आणि तिघांवर नाच उभा राहत नाही. आजोबांनी मला फुंकून पाहिलं. नुसती फुस्स!

"अगं, बासरी पुजलीस की लोणचं घातलंस तिचं?"

"जपत होते हो, बाबा."

"जपलीस! आता तूच वाजव."

"बायका कुठं बसतात बासरीला?"

"बसतील की. मंत्र म्हणताना तुझा दम बरा पुरतो!"

त्यांनी नवी कडी बांधली. सुदार्नीच्या हाती पपईचा पोकळ देठ आणि वाडगाभर पाणी दिलं. नाकानं श्वास घेत देठातून फुंकत राहायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत.

"बाबा, नाकात पाणी गेलं!"

"तीर्थ समज आणि फुंक."

उत्सवात ती माझं टोक जमिनीला टेकवून वाजवायला बसली. नर्तकीनं पाऊल उचललं आणि नेमकी सुदार्नीची फुंकर थरथरली. माझा सूर केसाएवढा बारीक झाला. तुटला मात्र नाही. त्याच सुरावर पाऊल अलगद खाली आलं. आजोबांनी बोळकं उघडून मोठा श्वास सोडला.

दुसऱ्या सकाळी सुदार्नी फुलं घेऊन आली. झालं, पुन्हा तेच! मी मनात कपाळाला हात लावला. तिनं एक फूल माझ्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि मला ओठांशी नेलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य पूजेला बसलं असेल, तर नमस्कार जरूर करा. पण मग त्याला उचला. ते केव्हाचं वाट बघतंय.