भिंतीवरचं बी

आमचं गाव मुंबई राज्यात गेलं म्हणे, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. आता गाव कुठं जाते? होतं तिथंच होतं, नागऱ्याच्या वाटेवर. त्या वैशाखात माझी रुख्मा गेली. एकुलती एक पोरगी, दुधाचे दातही सगळे पडले नव्हते. तापाचं निमित्त झालं आणि हातची गेली.

टमाटराला आम्ही भेदरं म्हणतो. त्याचं बी कागदात बांधून ठेवायची आमच्याकडं रीत नाही. पिकलेलं भेदरं शेणात कालवायचं आणि चुलीमागच्या भिंतीवर थापायचं. वाळलं की बी सालभर टिकते. फाल्गुनात रुख्मानं हट्टानं ती थापी लावली होती, आणि तिची पाचही बोटं शेणात उमटली होती. कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. दुसरं काय उरलं होतं हो तिचं माझ्यापाशी? मी चुलीशी बसले की ती बोटं माझ्यासमोर. घराला पोतारा केला तेव्हा तेवढी भिंत सोडली. शेजारची जमुनाबाई म्हणाली, "काऊन वं देवका, भित अर्धीच सारवली?" मी म्हटलं, "भित माझी होय, तू आपली पाह."

आषाढात छपराचं कवेलू सरकलं आणि भिंतीवर ओघळ आले. एका सकाळी पाहते तर शेणातून पांढरे कोंब निघालेले. भिंतीवरच! मायबाई, आता काय करू? राहू दिलं तर कुजते, काढलं तर बोटं जातात. दिवसभर भांडी आपटली. शेवटी विळ्याच्या टोकानं थापी खरडली, करंगळीपासून सुरुवात करून. घरामागच्या वाडीत मातीचा उंचवटा केला आणि ते कोंब तिथं लावले. ती रोपं गेली की रुख्माचं काहीच राहणार नव्हतं.

तिचा बाप, माझा नवरा दुधराम, धानाचा माणूस, जन्म भातशेतीत गेलेला. पोरगी गेल्यापासून त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मी रडले, भांडले, देवालाही बोल लावले. हा नुसता धानाच्या बांधीत, आपल्या वावरात, जाऊन उभा राहायचा. असा राग यायचा मला त्याचा! वाटायचं, दगड आहे का हा माणूस?

धानाची रोपं लावायचे दिवस आले, रोवणे सुरू झाले. मी जमुनाबाईच्या बांधीत रोवायला गेले. दुधरामच्या पायात काटा मोडला होता म्हणून तो घरी होता. पावसानं उघाड दिली होती आणि ऊन असं की डोकं फुटावं. सांजेला चिखलाचे पाय घेऊन मी सरळ वाडीत गेले.

पाहते तर माझा उंचवटा मोडून सपाट केलेला. चारी बाजूंनी बांधासारखा मातीचा धुरा घातलेला, हातानं चोपून चोपून गुळगुळीत केलेला, आणि आत घोट्याएवढं पाणी. रोपं त्या पाण्यात उभी. आणि हा लंगडत विहिरीवरून आणखी एक घागर आणून राहिला होता.

"हे काय करून राहिले जी?" मी ओरडले.

"उनानं वाकले होते. पानी बांधलो," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी बोलला. "रुख्माचे होत ना?"

"भैताड मानूस! हा काय धान होय? भेदरं पान्यात मरते!"

घागर त्याच्या हातातच राहिली. "धान त पान्यातच जगते," तो म्हणाला.

मी हातांनीच धुरा फोडला. पण पाणी निघून जायच्या आत पावसाची झड लागली, आणि आमच्याकडची झड एकदा बसली की उठत नाही. रोपं पिवळी पडली, मग काळी, मग आडवी झाली. दुधराम मागल्या दारच्या सपरीत, ओसरीवर, बसून पाहत होता. जेवला नाही. "मीच मारलो," म्हणाला, आणि हंबरडा फोडून रडला. पोरगी गेली तेव्हा न रडलेला माणूस!

शिव्या माझ्या तोंडाशी आल्या होत्या, तिथंच राहिल्या. रुख्माला ताप होता तेव्हा हाच घागरीवर घागरी आणून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होता. जे जगवायचं त्याला पाणी द्यायचं, माया करायची ही एकच रीत त्याला ठाऊक होती. मला त्याची फार कीव आली.

एका रोपाचा शेंडा अजून हिरवा होता. तो खुडला आणि उकिरड्याच्या उतारावर, पाणी थांबणार नाही अशा जागी खोचला. शेंड्याला मुळं फुटतात, पण फुटतीलच याचा भरवसा नाही. वर पळसाच्या पानांचा आडोसा केला. "इकडं घागर घेऊन आले त पाहा," मी त्याला बजावलं. तो रोज यायचा, हात पाठीमागं बांधून उभा राहायचा आणि निघून जायचा.

दिवाळीनंतर त्या झाडाला भेदरं आली. वेडीवाकडी, बारकी, पण लाल. भाजीत एकही घातलं नाही. सगळ्यात पिकलेलं शेणात कालवलं आणि गोळा दुधरामच्या हातात दिला.

"तुमी लावा."

तो भिंतीपाशी गेला आणि कमरेत पार वाकला.

"अजी, वर लावा ना. एवढ्या खाली कायले? बकरी चाटन."

"तिचा हात इथवरच पोचे," तो म्हणाला, आणि बोटं रुतवून गोळा भिंतीवर दाबला.