एक खिळाही न ठोकलेला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण जन्मात एक खिळा ठोकलेला नाही. माझं काम काँक्रीटची नाडी बघण्याचं. मला खांबावर दाबलं की पोटातली स्प्रिंग सुटते, ठक्क आवाज होतो आणि दट्ट्या उसळून मागे येतो. काँक्रीट जितकं घट्ट, तितकी उसळी मोठी, तितका माझ्या अंगावरचा आकडा मोठा. तीसच्या वर गेला की मला बरं वाटतं. विसाच्या खाली आला की सगळेच माझ्याकडे रागाने बघतात, जणू काँक्रीट मीच कालवलं.

तुर्कस्तानातल्या इझमीरच्या विद्यापीठात मुकद्देरबाई नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या हाती आलो. भूकंपात इमारती का पडतात, हे शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले आणि माझा रंग उडाला. आम्ही शाळा तपासल्या, इस्पितळं तपासली. आमच्या अहवालांचं फार कौतुक झालं. कौतुक करून लोक ते कपाटात ठेवत. कपाटं मात्र मजबूत होती.

बाईंची थोरली बहीण फेरिहाताई एका पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरात राहते. खाली नझ्मी उस्ताचं मिठाईचं दुकान. बकलाव्याचं काचेचं कपाट मावेना, म्हणून त्याने मधला खांब कापून टाकला होता.

"नुसताच उभा होता, बाई," तो म्हणाला. "वीस वर्षांत एक काम केलं नाही त्याने."

मग आम्हाला कोपऱ्यातल्या खांबापाशी नेऊन म्हणाला, "हा तपासा. आमच्यातला हाच हुशार."

हुशार एकतीसवर पास झाला. बाकीचे एकोणीस, सतरा. खरवडलेल्या काँक्रीटमधून शिंपल्यांचे तुकडे गळले. वाळू समुद्रावरची होती, आतल्या सळ्या गंजवणारी.

इमारतीची सरकारी तपासणी व्हायला एका घरमालकाचा अर्ज पुरतो. बाईंनी तो ताईपुढे ठेवला.

"मी सही केली की सगळ्यांना घरं सोडावी लागतील," ताई चहा ओतत म्हणाली. "मग जिन्यात माझ्याशी बोलेल कोण?"

"नाही केलीस तर जिना तरी कुठे राहणार आहे, ताई?"

"लहानपणापासून तू अशीच. दुसऱ्याच्या घरी आलीस की आधी खोड काढायची."

निवृत्तीनंतर बाई एक बॅग आणि मला घेऊन ताईकडेच राहायला आल्या. "तू हलत नाहीस ना? मग मीही इथेच. जे होईल ते दोघींचं." त्यांना वाटलं, आता तरी ताई घाबरेल.

पण बातमी गल्लीत वेगळीच पसरली. भूकंपवाल्या बाई स्वतः राहायला आल्या, म्हणजे इमारत पक्की. नझ्मीने बकलाव्याचं ताट पाठवलं. चौथ्या मजल्याचं भाडं वाढलं. बाईंच्या कुठल्याच अहवालावर लोकांनी इतका चटकन विश्वास ठेवला नव्हता.

गेल्या आठवड्यात जमीन थोडीशी हलली. चहाचे पेले किणकिणले, थांबले.

"बघा, पास झाली इमारत," नझ्मी जिन्यात सगळ्यांना सांगत होता. त्याच्या दुकानाच्या छतावर बोट जाईल एवढी भेग पडली होती. ताई ती बघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या खांबावर दाबलं. अठरा.

"हे कमी की जास्त?"

बाईंनी बोट खाली, दुकानाच्या भेगेकडे दाखवलं. ताईने अर्ज काढला, पेन काढलं. मग म्हणाली, "माझा चष्मा कुठाय?"

मित्रांनो, आज तिसरा दिवस. दोघी घर उलटंपालटं करताहेत. चष्मा पिठाच्या डब्यामागे आहे. तो तिथे ताईनेच ठेवला, मी फळीवरून पाहिलंय. पण मला दाबल्याशिवाय बोलता येत नाही. तुमच्या घरी असा एखादा कागद सहीवाचून पडला असेल, तर चष्मा शोधत बसू नका. सही वाकडी येईल, येऊ द्या. घर वाकडं होण्यापेक्षा ते बरं.