लेखातली बायको

"लेखकाचा सन्मान हाच समाजाच्या सुसंस्कृतपणाचा आरसा असतो," असं लाँड्रीवाल्याने जाहीर केलं, आणि ते पटवून देण्याच्या भरात त्याच्या हातातली इस्त्री एका वकिलाच्या विजारीवर जरा जास्तच विसावली. विचार थोर होता. विजार मात्र गेली.

कारणही तसंच होतं. मुलीने नुकतंच फोनवर दाखवलं होतं की, रस्त्यापलीकडच्या नव्या लाँड्रीच्या वेबसाइटवर त्याचा 'डागाशी वागावं कसं' हा लेख जसाच्या तसा झळकतोय. परिच्छेद तेच, विनोद तेच. खालचं 'सर्व हक्क राखीव'सुद्धा इमानेइतबारे उतरवलेलं. बदललं होतं ते फक्त दुकानाचं नाव.

हा लेख त्याने आपल्या दुकानाच्या वेबसाइटसाठी, रोज रात्री शटर ओढल्यावर, एका बोटाने टाइप करून, जिवाचं रान करून लिहिला होता. चहाचा डाग, शाईचा डाग, गंजाचा डाग. प्रत्येक डागामागे एक किस्सा, आणि प्रत्येक किश्शात डाग पाडणारी 'आमची ही'. खरं तर हिने संसारात थेंबही सांडला नव्हता. सगळे डाग त्याचेच होते. साहित्यिक सोय म्हणून ते तिच्या नावावर चढले होते. तिने अजून लेख वाचला नव्हता.

मुलीचं म्हणणं, नेऊ दे की. चार ठिकाणी गेला तर चार लोक दुकान ओळखतील. फक्त नाव द्यायला सांगा.

"उद्या म्हणशील, शटरही उघडंच ठेवा," तो म्हणाला.

चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकोने एवढंच विचारलं, की वकिलाला कोण सांगणार. यावर त्याने स्वतःचा शर्ट कडक इस्त्री करून घातला, लेखाची छापील प्रत हातात घेतली आणि छाती पुढे काढून रस्ता ओलांडला.

पलीकडचा तरुण मालक त्याला पाहताच उठला आणि खुर्ची पुढे केली.

"बरं झालं आलात, काका. मीच येणार होतो."

मग त्याने पडेल आवाजात सगळं सांगितलं. त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी सहज वेबसाइट उघडली, आणि तिथे त्यांना कळलं की होणाऱ्या जावयाच्या बायकोने पाहुण्यांच्या शर्टावर चहा सांडला, शिवाय तिच्या हाती शाईचं पेन देण्याची सोय नाही. तेव्हापासून ते फोन उचलत नव्हते.

"मग सांगायचं, लेख ढापलाय म्हणून."

"चोराला तरी मुलगी कोण देतं, काका?"

लाँड्रीवाल्याने यायच्या आधी जी वाक्यं घोटून ठेवली होती, ती सगळी जिभेवर होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"त्यांनी शेवटपर्यंत वाचला?"

"गंजापर्यंत. दोनदा. भाषा झकास आहे, असंही म्हणाले."

लाँड्रीवाला खुर्चीत बसला. हातातल्या प्रतीची त्याने सावकाश घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"आमची परवानगी होती, असं लिही," तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे मजकूर सांगितला. 'वरील लेख समोरच्या लाँड्रीच्या मालकांचा असून त्यांच्या परवानगीने घेतला आहे. लेखातील पत्नीही त्यांचीच आहे.' तो मोठ्याने वाचून घेतला. मग 'मालकांचा'च्या आधी 'अनुभवी' हा शब्द घालायला लावला.

त्या दोन वाक्यांनी काम केलं. वडिलांनी फोन उचलला, लग्न ठरलं. गल्लीत जो तो ते वाचून हसत होता, आणि लाँड्रीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला मूळ लेखही वाचायचा आग्रह करत होता. त्या गडबडीत बायकोनेही तो वाचला. अगदी शांतपणे, चष्मा लावून.

"चहा तुम्ही सांडला होतात."

"हो."

"पेनही तुमचंच."

संध्याकाळी गल्ल्यामागे बसून त्याने पुन्हा ते एक बोट कामाला लावलं. जिथे जिथे 'आमच्या हिने' होतं, तिथे तिथे 'मी' घातलं. आता हा लेख अविवाहितांनाही निर्धास्त वापरता येणार होता. मग त्याने 'सर्व हक्क राखीव' खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'हा लेख कोणीही, कुठेही, मोफत वापरावा. फक्त नाव द्यावं.' मुलीने वाचलं आणि बापाच्या पाठीवर थाप मारली. एवढं दिलदार वाक्य या धंद्यात आजवर कोणी लिहिलं नसेल, यावर दोघांचं एकमत झालं.

लग्नाआधी पलीकडच्याने आपल्या वेबसाइटवरून लेख काढून टाकला आणि तिथे धुलाईचे दर लावले. इकडे लेख सर्वांना मोकळा आहे. अजून कोणी नेलेला नाही.