मिटलेली मूठ

राहीलचा हात पुरताना बाबाजानकडून एक गोष्ट करायची राहून गेली होती, आणि दोन महिने झाले तरी ती त्याला आतून खात होती.

राहील त्याचा एकुलता एक मुलगा. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. एका दुपारी प्रेस खाली आली ती त्याचा उजवा हात मनगटापासून घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखा राहिलेला नाही. तेव्हा बाबाजाननं तो मागून घेतला. माणसाच्या देहाचा तुकडा काय असाच टाकून देतात? तो मातीतच गेला पाहिजे, तोही आपल्या कबरस्तानात. पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यानं तो पारनेरजवळच्या आपल्या गावी आणला आणि कुंपणाच्या कडेला गुडघाभर खड्डा काढला.

माती लोटण्याआधी त्यानं कापड जरा बाजूला केलं. बोटं मिटलेली होती. मयताचे हातपाय सरळ करून ठेवायचे ही रीत. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची बोटं त्यानं स्वतः उलगडून सरळ केली होती. पण पोटच्या पोराची बोटं उलगडायची हिंमत काही झाली नाही. त्यानं कापड पुन्हा मिटलं, माती लोटली आणि घरी आला.

इथपर्यंत ठीक होतं. माणूस दुःख गिळून कामाला लागतो. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी राहील म्हणाला, "अब्बा, माझा हात हाय अजून. मूठ आवळलीय. नखं तळव्यात रुतत्यात आन् उघडंना."

पुरताना मूठ मिटलेली होती हे जगात बाबाजानशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं त्याचं झालं. आपण हात वाकडा पुरला आणि त्याची सजा पोर भोगतंय, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं. गोळ्या झाल्या, मलम झालं, मूठ काही सुटेना. शेवटी त्यानं शाळेपासूनच्या दोस्ताला, गोरक्षला गाठलं.

"शुक्रवारी नमाज झाली की माझ्यासंगं कबरस्तानात ये. उकरायचं हाय."

गोरक्षनं सगळं ऐकून घेतलं. "येतो," म्हणाला. "पर दोन महिन्यांत मातीनं काय ठेवलं असंल का, बाबाजान?"

"हाडं तरी सरळ करून ठेवतो."

त्याआधीच्या बुधवारी नगरच्या दवाखान्यात राहीलची तपासणी होती. तिथं व्यायाम करून घेणारी निकिता नावाची मुलगी होती, राहीलच्याच वयाची आणि बोलायला मोकळी. तिनं राहीलला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा त्याच्या उजव्या गालावरून फिरवला.

"काय वाटलं?"

"गालाला लागलं." राहील म्हणाला. "आन् अंगठ्याला बी."

"कुठल्या?"

"उजव्या."

तिनं बोळा हनुवटीकडं नेला. "आता करंगळीला," राहील म्हणाला.

बाबाजाननं मनात तौबा केली. हात गेला तो गेला, आता पोराचं डोकंही गेलं, असंच त्याला वाटलं.

"चाचा, घाबरू नका," निकिता म्हणाली. "आपल्या मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो. कुठं काय शिवलं, काय हललं, सगळं तिथं कळतं. पाठ एवढी मोठी, पण नकाशात तिला जागा थोडी. बोटांना आणि ओठांना भरपूर. तुम्ही काय काम करता?"

"गाद्या भरतो."

"मग कापसातली गाठ न बघता बोटांना कळत असेल. म्हणून त्यांना जागा जास्त. आता या नकाशात हाताच्या वावराला लागूनच चेहऱ्याचं वावर आहे. हात गेला, त्याचं वावर पडीक पडलं. मग शेजारी काय करतो?"

"बांध कोरतो," बाबाजान म्हणाला. पारनेर तालुक्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"तेच झालंय. गालाची बातमी हाताच्या वावरात शिरते, आणि राहीलला वाटतं हातालाच कुणी शिवलं."

बाबाजानला बांधाचं पटलं, मुठीचं पटेना. तो खाली बघत म्हणाला, "आन् मूठ? ती म्याच तशी पुरली, पोरी. बोटं सरळ केली न्हाईत. शुक्रवारी उकरून सरळ करनार हाय."

राहील बापाकडं बघत राहिला.

"दोन महिनं हेच घेऊन बसला व्हता?" तो म्हणाला. "अब्बा, मूठ म्या आवळली. प्रेस येताना दिसली, तवा मूठ आवळून हात वढला. निघाला न्हाई. तवापास्नं ती तशीच हाय."

"मातीतल्या हाताला आता काही दुखत नाही, चाचा," निकिता म्हणाली. "मेंदू मूठ उघडायला सांगतो, पण उघडलेली त्याला दिसत नाही, म्हणून मिटलेलीच वाटते. आपण त्याला दाखवून बघू. एका दिवसात होईलच असं नाही. रोज करावं लागेल."

तिनं टेबलावर आरसा उभा केला. राहीलचं उजवं मनगट आरशामागं गेलं, डावा हात पुढं आला. आरशात बघावं तर उजवा हात होता तसा दिसत होता, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धडधाकट. राहीलनं डावी मूठ आवळली. आरशातलीही आवळली.

"आता दोन्ही एकदम, सावकाश उघडा."

त्यानं उघडली नाही. "आन् न्हाईच उघडली तर?" तो म्हणाला.

हे भय बाबाजानला चांगलं माहीत होतं. खड्ड्याच्या कडेला ते त्याच्याही हातापायांत शिरलं होतं. तो उठून पोराच्या शेजारी जाऊन बसला.

"तू आरशात बघ," तो म्हणाला आणि डाव्या मुठीवर त्यानं हात ठेवला. मूठ गरम होती. त्यानं आधी अंगठा बाजूला केला, मग पहिलं बोट उचललं. कुठंही घाई केली नाही.

"अब्बा," राहील दबक्या आवाजात म्हणाला, "अंगठा सुटला."

"कुठला?"

"उजवा."

बाबाजान थांबला नाही. मधलं बोट झालं, त्याच्या शेजारचं झालं.

"करंगळी राहिली," राहील म्हणाला.

बाबाजाननं करंगळी सरळ केली आणि पोराचा पंजा दोन्ही हातांत घेतला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा रडला, परक्या मुलीसमोर, लाज न बाळगता. थोड्या वेळानं डोळे पुसायला म्हणून तो हात सोडवू लागला.

राहीलची नजर आरशातच होती. "सोडू नका, अब्बा," तो म्हणाला. "दोन्ही हातांना कळतंय."