राबाच्या वाफ्यातली तुटकी फूटपट्टी

मी एक लाकडी फूटपट्टी. माझं शून्याचं टोक तुटलंय, म्हणून बोलावं की नाही याचा बराच विचार केला.

सत्त्याण्णव साली टोकावड्याजवळच्या एका शाळेत मी नवी आले. एका गुरुजींनी टेबलावर आपटून माझं टोक मोडलं. पुढे मुलांचे तळहात तेवढे माझ्या वाट्याला आले. मोजायला मला कुणी घेतलं नाही.

मग जयाबाई शिकवायला आल्या. घरी तान्हं बाळ. त्याचं अंग जरा गरम लागलं की थर्मामीटर दोनदा लावायच्या, तरी तिसऱ्यांदा बघायच्याच. त्या मला निरखून म्हणाल्या, "एकापासून मोजायचं, एक वजा करायचा. चूक ठाऊक असली की पट्टी कामाची." माझी चूक त्यांनी वहीच्या पहिल्या ओळीत लिहिली. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

सातवीतली सारिका मार्चपासून शाळेत दिसायची नाही. भात पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तो राब. त्यासाठी ती रानातून पातेऱ्याचे, वाळल्या पानांचे, भारे वाहायची.

"भाजल्याबिगर रोप येतंय का कुठं?" तिचा बाप कोंडू म्हणायचा.

बाईंनी त्याच्याकडे दोन वाफे मागितले. एक भाजलेला, एक न भाजलेला. बाकी सगळं सारखं.

"बिनभाजलेलं तेवढंच आलं, तर पातेरा बंद. पोरगी शाळंत," कोंडू हसला.

एकविसाव्या दिवशी सारिकाने मला चिखलात उभं केलं. न भाजलेल्या वाफ्यात तिचा हात उंच रोपांकडेच जात होता. मला कळत होतं, पण मी काय बोलणार? तो वाफा दोन सेंटीमीटरने सरस निघाला.

"रोपं कुणी निवडली गो?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"तुला काय हवंय ते तुझ्या हाताला ठाऊक आहे. मलाही तेच हवंय, म्हणून मी पट्टीला हात लावणार नाही."

बाईंनी गाठी मारलेली दोरी वाफ्यांवर ताणली. गाठीखाली येईल ते रोप उपटायचं. दोन जुड्या झाल्या. कुठली कुठल्या वाफ्यातली, ते फक्त बाईंच्या चिठ्ठीत. आधी सारिकाने मोजलं, मग तिच्या वर्गातल्या रेश्माने. दोघींचं भांडण होऊन आठवडाभर बोलणं बंद होतं.

तरी आकडे जुळले! भांडलेल्या दोन हातांतून, माझ्यासारख्या तुटकीतून, एकच उत्तर आलं. लाकडाला काटा येत असता तर माझ्या अंगावर आला असता.

चिठ्ठी उघडली. भाजलेल्या वाफ्यातलं रोप पाच सेंटीमीटरने जास्त उंच होतं.

सारिकाने चिठ्ठी दोनदा वाचली. मग मला हातात धरूनच घरी गेली.

"बाबा, तुझाच वाफा जिंकला. पाच सेंटीमीटर."

कोंडूने हातातलं काम टाकलं. "उलटं सांगितलं असतंस तर मला कळलं असतं का गो?"

"नाय."

तो बांधावर टेकला. "मंग पुढच्या साली नुसतं शेणखत घालून बघ. त्यो वाफा तुझा. पातेरा मी आणीन. मोजायला शिकायचं तर शाळंत जायला लागंल ना?"

आज मी कपाटात आहे. आकडे पुसट झालेत. कधी मला हातात घेतलंत, तर आधी माझं तुटकं टोक बघा. आणि तुम्हाला कुठलं उत्तर हवंय ते कागदावर लिहून, मोजून होईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीत ठेवा.